अर्धा चमचा मेथी

"भिऊन घे," असं म्हटल्याशिवाय अक्कानं कधी कुणाच्या हातावर मेथीची पुडी ठेवली नाही. दुसरे लोक औषध देताना धीर देतात, ही भीती द्यायची. पुडी देण्याआधी ती तुमच्या तोंडाकडे अशी बघायची, जणू तुम्ही आत्ता इथंच कोसळणार आहात. मग प्रश्न सुरू. साखरेची गोळी घेतेस काय? रक्त पातळ व्हायची घेतेस काय? हरभरा, शेंगदाणा खाऊन अंगावर कधी उठलं आहे काय? दिवस गेले आहेत काय? हा शेवटचा प्रश्न ती साठीच्या बायकांनाही विचारायची. आमचा पोस्टमन एकदा बायकोसाठी पुडी न्यायला आला, तर तिनं सवयीनं त्यालाही विचारलं. तो बिचारा लाजून तसाच परत गेला.

सगळी उत्तरं तिच्या मनासारखी आली तर अर्धा चमचा. एखादं उत्तर अडखळत आलं तर, सांबारात घालून खा, औषध म्हणून नको, आणि पुडी परत डब्यात.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी जुनी घरं आता बोटांवर मोजण्याएवढी राहिली आहेत. अक्काचं घर आमच्या घराला लागून, परसातली भिंत एकच. ती नेमकी कुणाची सख्खी अक्का होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझी आई तिला अक्का म्हणायची, मीही म्हणायचो, आणि माझी मुलगीही अक्काच म्हणायची. बोलायची मराठी, लिहायची तमिळ अक्षरांत. मेथीच्या डब्यावर कुणाला किती दिली याची तमिळमध्ये लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असायची.

तसं बघितलं तर मेथी म्हणजे काय? आमच्याकडे सांबारात असते, डोशाच्या पिठात असते, कैरीच्या लोणच्यात असते. तिला कुणी भीत नाही. पण तीच मेथी धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून अक्कानं दळली की गल्ली तिला औषध म्हणायची. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना साखर, म्हणजे मधुमेह, आहे. सकाळी ताकातून अर्धा चमचा, मग तासाभरानं डॉक्टरांची गोळी आणि लगेच न्याहारी, असा सगळ्यांचा परिपाठ होता. रोज मेथी खाल्ली की घामालाही तिचा वास येतो. आमच्या गल्लीतल्या चौघी एकदम बसमध्ये चढल्या की कंडक्टर तिकीट द्यायच्या आधी विचारायचा, कुणाची लोणच्याची बरणी फुटली म्हणून.

अक्काला सगळ्याचीच भीती वाटायची. गॅसचं सिलिंडर बदलायचं असलं की ती मला हाक मारायची आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभी राहायची. मोबाईल चार्ज करताना त्याच्याखाली पितळी ताट ठेवायची. लिफ्टवर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता. खोली आपोआप वर जाते यात काहीतरी लबाडी आहे असं तिचं ठाम मत होतं.

माझं राजवाड्याच्या रस्त्यावर औषधांचं दुकान आहे. दुपारी गर्दी नसली की ती येऊन बाकावर बसायची आणि गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले कागद मला वाचायला लावायची. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मी इंग्रजीतून मराठीत सांगत जायचो: गरगरणं, उलटी, अंगावर पुरळ, छातीत धडधड. ती पुराण ऐकावं तशी हात जोडून ऐकायची आणि मध्येच शंका काढायची. कोणती गोळी कशाबरोबर घेऊ नये हे तिला तोंडपाठ होतं. एकदा मी थट्टेनं म्हणालो, एवढं भ्यायचं तर मेथी वाटताच कशाला, अक्का? बंद करून टाका.

"मी दिली नाही तर लोक फोन बघून घेतील," ती म्हणाली. "फोनास भय नाही. मज आहे."

मी हसलो. तेव्हा हसणं सोपं होतं.

माझ्या आईला बरीच वर्षं साखर आहे. तिलाही अक्काचा अर्धा चमचा सुरू होता, आणि अक्काचा एक नियम तिच्यासाठी फार कडक होता: जेवण नाही त्या दिवशी मेथी नाही. भिंतीपलीकडून रोज सकाळी विचारणा व्हायची, काय खाल्लंस, किती खाल्लंस. आई आळसानं खोटं बोलली तरी अक्काला ते आवाजावरून कळायचं. मग ती भिंतीवरून दोन इडल्या पुढं करायची आणि आई त्या खाईपर्यंत तिथंच उभी राहायची.

त्या वर्षी बाबांच्या तिथीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनी आईची गोळी बदलली. नाव तेच, ताकद दुप्पट. चिठ्ठी माझ्या हातात होती, गोळ्या माझ्या दुकानातल्या, आणि आईच्या डबीत भरल्या त्याही मीच. आईला म्हटलं, रंग बदलला आहे, घाबरू नकोस. एवढंच म्हटलं. दुप्पट म्हटलं तर ती काळजी करत बसेल असं मला वाटलं. उपाशी असताना ही गोळी घेऊ नकोस, मेथीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारू, यातलं काहीच मी बोललो नाही. काउंटरवर उभा राहून परक्या माणसांना दिवसभर हेच सांगत असतो मी. घरच्या माणसाला सांगायचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून कुणी अन्न घेत नाही. ब्राह्मण जेवून उठायचे, पिंड कावळ्याला जायचा, मग घरचे जेवणार. तोवर दोन-अडीच वाजतात. औषध मात्र चालतं. औषधाला दोष नाही असं सगळेच म्हणतात. आता यावर आईनं काय विचार केला बघा. दुपारी पायस आहे, वडे आहेत, चार पदार्थ गोड आहेत, म्हणजे साखर वाढणार. मग आधीच बंदोबस्त करून ठेवलेला बरा. म्हणून तिनं गोळी घेतली, आणि मेथी अर्धा चमचा नाही, चांगले दोन चमचे भरून घेतली. तुम्हाला हसू येईल, पण आमच्याकडच्या कितीतरी घरांत पंगतीच्या सकाळी हेच चालतं. अक्कानं विचारलं असतं तर तिथंच थांबलं असतं. पण श्राद्धाच्या घरात सकाळी बाहेरून हाक मारू नये, म्हणून त्या एका दिवशी भिंतीपलीकडून विचारणा झाली नाही.

भटजींना त्या दिवशी आणखी एका घरचं काम होतं. ते आले तेव्हाच एक वाजत आला होता. मी सोवळं नेसून, बोटात दर्भाचं पवित्र घालून पाटावर बसलो. बायको आत सोवळ्यात स्वयंपाक करत होती. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, काही चुकतंय का ते बघायला शेजारी उभे. आई मागल्या दाराशी खांबाला टेकून बसली होती. दीडच्या सुमारास माझं लक्ष तिच्याकडे गेलं.

ती पदराचं टोक दुमडत होती. दुमडायची, उलगडायची, परत दुमडायची. पंखा बरोबर डोक्यावर होता, तरी घाम कपाळावरून हनुवटीपर्यंत ओघळत होता. ओठ हलत होते. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि बाबांना नावानं हाक मारली.

आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. बँकेचा अर्ज भरतानाही ते ती मला सांगायला लावायची. तिच्या तोंडून ते नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, तेही जड झालेल्या जिभेनं, बाबांच्याच श्राद्धाला.

"अण्णा आला," काका हळूच म्हणाले. त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते. "कोणी हात लावूं नका तिला. अण्णा आला आहे."

भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, तिनंही हात जोडले. आई बाबांना विचारत होती, जेवलात काय, इतका उशीर का, आणि तिचं सगळं अंग थरथरत होतं.

आता खरं सांगतो. मला कळलं होतं. घाम, थरथर, भरकटलेलं बोलणं, उपाशी पोट. ही लक्षणं मी किती लोकांना समजावून सांगितली असतील याला गणती नाही. पण समोर काका हात जोडून उभे होते. पाटावरून मध्येच उठलं तर श्राद्ध मोडतं हे लहानपणापासून अंगात भिनलेलं होतं. आणि सांगायला लाज वाटते, पण खरोखरच बाबा आले असतील तर, असंही मनात येऊन गेलं. माझी पाचावर धारण बसली. आई डोळ्यांदेखत घसरत चालली होती, आणि मी पाटावर बसून राहिलो. किती वेळ ते विचारू नका.

तेवढ्यात अक्का परसातून आली. वाढायला पानं कमी पडली तर असावीत म्हणून आपल्या केळीची चार पानं मागल्या दारी ठेवायला आली होती. तिनं आईकडे एकदा बघितलं आणि पानं तिथंच टाकली. आईचा हात हातात घेतला.

"कोणी आलेलं नाही," ती काकांना म्हणाली. "साखर उतरली आहे."

मग आईच्या तोंडाजवळ वाकून तिनं तिला एकदा गिळून दाखवायला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. आईनं आवंढा गिळला, तो डोळ्यांनी बघितला, मगच अक्का उठली.

घरातली साखर, गूळ, सगळं सोवळ्याच्या स्वयंपाकघरात होतं. अक्का बाजारात जाऊन आलेली, नेसूचं लुगडं तसंच. ती उंबरा ओलांडून सरळ आत गेली. बायको, अक्का नोको, अक्का नोको, करत राहिली. गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या. एरवी ज्यांच्याकडे ती वळूनही बघायची नाही, त्यांच्यावरून हात नेऊन तिनं साखरेचा डबा ओढला, मूठभर साखर भांड्यात टाकली, पाणी ओतलं आणि बोटानंच ढवळलं. भटजींसाठी रांधलेलं एकूण एक अन्न विटाळलं. काका काय ओरडले ते आता मला नीट आठवत नाही, पण श्राद्ध मोडलं, एवढं त्यातलं आठवतं.

पाजताना तिचे हात इतके कापत होते की निम्मं पाणी आईच्या मांडीवर सांडलं. पण ती घोट घोट पाजत राहिली आणि सारखी आईशी बोलत राहिली, गप्प बसू देईना. मी तिला इतकी भ्यालेली त्याआधी कधी पाहिली नव्हती. भ्यालेलं माणूस इतकं भरभर काम करतं हेही पाहिलं नव्हतं.

दहा-पंधरा मिनिटांनी आईनं आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, अक्का अशीच सोवळ्यात कशी शिरली? मग मी पाटावरून उठलो.

साखर पुन्हा उतरू शकते म्हणून आईला एक दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. गोळी दुप्पट झालेली, सकाळपासून पोटात काही नाही, त्यात भरीला मेथी, ते म्हणाले. नुसती मेथी असं करत नाही सहसा, मुख्य गोळी आणि रिकामं पोट. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते घरी सांगितलं होतं ना? तुम्ही तर मेडिकलवाले. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांनी विचारलं नाही.

बाहेर बाकावर अक्का बसली होती, पलीकडे काका. मला बघून ती उठली.

"मेथीनं जालं काय?"

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. पण काका माझ्या तोंडाकडे बघत होते. औषधाच्या दुकानदारानं स्वतःच्या आईला मारायची वेळ आणली, हे उद्या सगळ्या बाजारात पसरलं असतं.

"मेथीपण होती, अक्का," मी म्हणालो.

यात एक अक्षर खोटं नाही. मला कुठल्याही कोर्टात उभं करा.

ती खाली बसली. मग तिनं जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. तिचे यजमान ओरत्तनाडूला कचेरीत कारकून होते, रोज बसनं जायचे यायचे. त्यांना साखरेची गोळी नवीनच सुरू झाली होती. तिनं कुणाचं तरी ऐकून हौसेनं मेथीही सुरू केली, भरपूर. एके दिवशी बस चुकेल म्हणून ते गोळी आणि मेथी घेऊन न खाताच गेले. ओरत्तनाडूच्या बसथांब्यावर त्यांचे पाय लटपटायला लागले, जीभ अडखळायला लागली. लोकांना वाटलं पिऊन आला आहे. दुपारपर्यंत कुणी जवळ गेलं नाही.

"त्यांनी आयुष्यांत थेंब घेतला नव्हता," ती म्हणाली. "आणि आज तुझी आई. माझ्या हातून दुसरी."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो.

भटजी भले माणूस. ते म्हणाले, अमावास्येला परत करू, जीव वाचला हे मोठं. काका मात्र गल्लीभर सांगत सुटले आणि लोकांना सगळ्यांत सोपं तेच लक्षात राहिलं: अक्काच्या मेथीनं झालं. ती स्वतः दारोदार जाऊन पुड्या परत मागायला लागली. काहींनी देऊन टाकल्या. काहींनी, आम्हांस बाधत नाही, म्हणून दार लावून घेतलं. आमच्याकडे ती शेवटी आली. आई म्हणाली, तुझ्यामुळं मी उठून बसले आहे, मी देणार नाही. अक्कानं फळीवरची मेथीची बाटली उतरवून घेतली आणि गेली. आईला वाटलं ती रुसली आहे.

दुकानात कागद ऐकायला यायचीही ती थांबली. मी दोनदा तिच्या दाराशी गेलो. पहिल्यांदा आत शेजारीण बसलेली होती, तेवढं निमित्त मला पुरलं. दुसऱ्यांदा अक्का एकटीच होती. दार उघडल्या उघडल्या तिचा चेहरा असा उतरला की मला आधी सांगावं लागलं, आई बरी आहे, अक्का, आई अगदी बरी आहे. ती दाराला धरून उभी राहिली, मग म्हणाली, सरि, सरि, म्हणजे बरं, बरं. आणि मी तेवढ्यावरच परत आलो. मी तुम्हाला स्वतःबद्दल काही चांगलं सांगू शकलो असतो तर सांगितलं असतं.

पुढं तिचा मुलगा चेन्नईहून गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. नवव्या मजल्यावर घर. गाडीत बसल्यावर तिनं मला जवळ बोलावून विचारलं, लिफ्ट मध्येच बंद पडते काय रे? मी म्हणालो, नाही पडत. तिला खोटं सांगायची मला सवय झाली होती.

गेल्या मार्गशीर्षात, सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा तिच्या मुलाचा फोन आला. अक्का गेली. न्यूमोनिया झाला, पाच दिवस दवाखान्यात होती. त्याचा आवाज अगदी थकलेला होता. सगळ्यांना कळवतो आहे, तुमच्या आईला तुम्हीच हळूहळू सांगा, म्हणाला. मग त्यानं विचारलं:

"काल तापांत ती बडबडत होती. माझ्या हातून दोघं, म्हणून. बाबांचं मज ठाऊक आहे. दुसरं कोण?"

शटर अर्धंच वर गेलं होतं. मी तसाच वाकून उभा राहिलो आणि त्याला सगळं सांगितलं. गोळी दुप्पट झाली होती ते, मी आईला सांगितलं नाही ते. पाटावर बसून राहिलो ते. डॉक्टर काय म्हणाले, आणि बाकावर बसलेल्या त्याच्या आईला मी काय सांगितलं. तिनं कुणाला मारलं नाही, वाचवलं, आणि माझी आई आत्ता घरात बसून भाजी निवडते आहे, हेही सांगितलं.

"हें तिला सांगायचं होतं तुम्ही," तो म्हणाला. "परवापर्यंत शुद्धीवर होती. फोन तिच्या उशाशीच होता."